कपानींचे श्रेय

नरिंदर सिंग कपानी यांचे नाव आपल्याकडे निघते ते बहुधा एका तक्रारीच्या निमित्ताने. २००९ साली चार्ल्स काओ यांना काचतंतूंतून होणाऱ्या प्रकाशवहनावरील संशोधनासाठी नोबेल मिळाले आणि कपानींना डावलले गेले, असा सूर तेव्हा उमटला. तो अजून विरलेला नाही. अन्यायाची कथा मनाला लवकर पटते. परंतु तिच्यामुळे कपानींनी प्रत्यक्षात काय केले हेच झाकले जाते.

पंजाबातील मोगा येथे १९२६ साली जन्मलेले कपानी आग्रा विद्यापीठातून पदवी घेऊन पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेले. प्रकाश सरळ रेषेतच जातो, हे शाळेतल्या शिक्षकांचे विधान आपल्याला खटकले होते, अशी आठवण ते सांगत. वास्तविक पाण्याच्या वक्र धारेतून प्रकाश वळवून दाखवण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकातच कोलाडाँ आणि टिंडल यांनी केले होते. मात्र त्या धारेतून नुसता उजेड गेला होता. कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरल्ड हॉपकिन्स यांना चित्र न्यायचे होते. त्यासाठी १०,००० हून अधिक बारीक काचतंतूंची जुडी अशी बांधावी लागली, की दोन्ही टोकांना प्रत्येक तंतूचे स्थान तेच राहील. एकेक तंतू चित्राचा एकेक ठिपका वाहून नेतो. क्रम चुकला की चित्र विस्कटते. (अक्षरे तीच ठेवून क्रम बदलला तर शब्दाचे काय होते, हे भाषेच्या अभ्यासकांना सांगायला नको.) २ जानेवारी १९५४ च्या 'नेचर'मध्ये दोघांचा निबंध आला. त्याच अंकात डच शास्त्रज्ञ व्हान हेल यांचेही टिपण होते, आणि शेजारच्या तंतूत प्रकाश झिरपू नये म्हणून प्रत्येक तंतूला वेष्टन घालण्याची कळीची कल्पना त्यांनी मांडली होती. तेव्हा 'जनक' हे एकवचन इथे जपूनच वापरावे.

काओंचा प्रश्न निराळा होता. त्यांना शरीराच्या आत डोकवायचे नव्हते. संदेश मैलोगणती दूर न्यायचा होता. अशुद्धी काढून टाकल्या तर एक किलोमीटरनंतर प्रकाशाचा शंभरावा भाग उरेल एवढी स्वच्छ काच मिळू शकेल आणि तेवढे दूरसंचाराला पुरेल, हे त्यांनी व हॉकहॅम यांनी १९६६ साली मांडले. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने तशी काच बनवली.

कपानींचे आणखी एक श्रेय आपल्या अभ्यासक्षेत्राच्या जवळचे आहे. 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव त्यांनी रूढ केले. १९६० साली 'सायंटिफिक अमेरिकन'मधील त्यांच्या लेखाने ते सर्वदूर पोहोचले, आणि १९६७ साली त्याच विषयावर त्यांचा ग्रंथ आला. विखुरलेल्या प्रयोगांना नाव मिळाले आणि त्यांची एक विद्याशाखा झाली. दरम्यान १९६० मध्येच त्यांनी कॅलिफोर्नियात ऑप्टिक्स टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली, पुढे १९७३ साली कॅप्ट्रॉन.

डिसेंबर २०२० मध्ये ते वारले. २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'द मॅन हू बेंट लाइट', म्हणजे प्रकाश वाकवणारा माणूस. त्यांच्या त्या जुडीतल्या काचतंतूंत मात्र प्रकाश वाकत नाही; एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आदळत तो दर वेळी सरळ रेषेतच जातो. शाळेतले ते शिक्षक अगदीच चुकले नव्हते.