शेऱ्याचा रकाना

आजोबांची एक लांबट, लाल पुठ्ठ्याची वही होती. वाण्याकडे उधारीची असते ना, तशीच. ती फडताळात, मलिद्याच्या पितळी ताटामागे असायची. ताट निघालं की वहीही निघायची, त्यामुळे आजही वेलची कुटताना मला जुन्या कागदाचा वास येतो.

आजोबा पोटापाण्याला सुतार, आणि हाक आली की मोहेल, म्हणजे सुंता करणारे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, त्यातून वाचलेल्यांचे आम्ही वंशज, असं घरोघरी सांगतात. गावानं आम्हाला नाव दिलं शनवार तेली, कारण तेल गाळायचं पण शनिवार विश्रांतीचा, त्या दिवशी घाणा बंद. मुंबईत 1796 साली समाजी दिवेकरांनी सिनेगॉग बांधलं, त्यालाही आमची माणसं मशीदच म्हणत. मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं, असं आजोबा छातीठोकपणे सांगायचे.

मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता, मग तो शनिवार का असेना. सुंता शनिवारी चाले, लिहिणं मात्र चालत नसे. आजोबा शुक्रवारी दिवस मावळायच्या आत त्या गावी पोचत आणि वहीतली ओळ रविवारी उतरे. घरात एक खुर्ची प्रेषित एलियाहू हन्नाबीसाठी रिकामी ठेवायची. बाळाच्या ओठांना काळ्या मनुकांच्या सरबतात बुडवलेला कापूस लावायचा. मग मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. पोहे गिचका झाले तर आजी दिवसभर कुणाशी बोलत नसे.

वहीत पाच रकाने होते. मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव, दिवस आणि शेरा. शेऱ्यात बहुतेक 'ठीक'. एका ओळीपुढे मात्र लिहिलं होतं, 'रक्त फार उशिरा थांबले. पुढील मुलाचे वेळी आधी विचारणे.'

त्या ओळीवरून आजोबा आम्हाला तलमुद या आमच्या धर्मग्रंथातली गोष्ट सांगत. सिप्पोरी गावात चार बहिणी होत्या. पहिलीच्या मुलाची सुंता केली, तो गेला. दुसरीचा गेला, तिसरीचाही गेला. चौथी रब्बान शिमोन बेन गमलीएलांकडे गेली, तर ते म्हणाले, तू करू नकोस. आजोबा बोट वर करून म्हणत, "बघा, बहिणींनी एकमेकींना सांगितलं म्हणून चौथीचा वाचला." रक्त न थांबण्याचा दोष आयांकडून मुलांकडे येतो, हे फिलाडेल्फियाच्या डॉक्टर ओटोंनी 1803 साली लिहिलं. त्या बहिणींना ते कितीतरी शतकं आधी, पोरं गमावून कळलं होतं.

आणि गंमत म्हणजे आजोबांच्या वहीत आयांचीच नावं नव्हती!

ही उणीव एकदा आमच्या कामी आली. धाकटे काका इस्रायलला गेले होते. 1962 साली तिथल्या मुख्य रब्बींनी फर्मान काढलं की बेने इस्राएलांचं लग्न लावण्याआधी त्यांची वंशावळ तपासा. काकांचं पत्र आलं: आईची आई कोण, तिची आई कोण, सगळं लिहून मागतात, वहीत काही आहे का पाहा. आजी कडाडली, "आठव्या दिवशी याला काय शिंपल्यातनं काढला होता?" वहीत द्यायला काही नव्हतंच. आजोबांनी ती फडताळात परत ठेवली. म्हणाले, "ही पोरांसाठी आहे, पंचांसाठी नाही." पुढे आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं आणि ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, ठरावच केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत. काकांचं लग्न त्याआधी झालं की नंतर, यावर घरात अजून वाद आहे.

हे सगळं आता आठवलं ते भाचीच्या फोनमुळे. ती स्वीडनला असते. तिकडे 2001 च्या कायद्यानं सुंतेवर बंदी नाही, पण बाळाला वेदना होऊ नयेत म्हणून डॉक्टर किंवा नर्स लागते, आणि मोहेलला सरकारी परवाना. ती म्हणाली, "मावशी, हे सगळं दवाखान्याच्या कायमच्या नोंदीत गेलं तर? काही बिघडलं तर पुढच्या बाळांना उपयोग होईल, हे कळतं गं. पण सुंतेचं कारण म्हणून एकदा धर्म लिहिला, की तो खोडता येत नाही."

तिची भीती पोकळ नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरपालिकेनं माणसांची कार्डं चांगल्या हेतूनंच ठेवली होती, त्यावर धर्मही होता. जर्मन आले आणि त्याच कार्डांवरून ज्यूंची घरं शोधली गेली. 27 मार्च 1943 च्या रात्री चित्रकार अरोन्देयुस आणि शिल्पकार फान दर वेन साथीदारांसह पोलिसांच्या वेशात शिरले आणि त्यांनी त्या कार्डांच्या कचेरीत स्फोट केले. थोडीच कार्डं जळाली. अरोन्देयुसना गोळी घातली.

मी भाचीला म्हटलं, रक्त किती गेलं, औषध कुठलं दिलं, वय किती, हे खुशाल लिहू दे. पण ते कोण वाचणार आणि कशासाठी, हे आधी विचार. उत्तर द्यायला समोर माणूस नसेल, तर सही करू नकोस. आजोबांना विचारता यायचं, ते गावातच असायचे.

मग तिनं हळूच विचारलं, "आपल्यात कुणाला रक्ताचा त्रास होता का गं?"

मी वही काढली. पानं कडांना चुरली आहेत. तो शेरा सापडला आणि इतक्या वर्षांत कधी न दिसलेलं काहीतरी दिसलं. त्या ओळीच्या वर, पेन्सिलीनं, आजीच्या वळणदार अक्षरात त्या मुलाच्या आईचं नाव होतं. सगळी वही पालथी घातली. आईचं नाव त्या एकाच ओळीवर होतं.

ते नाव आमच्या घरातलं नव्हतं. भाचीला तेवढंच सांगितलं आणि वही ताटामागे ठेवून दिली.