मारांडी आणि तिवर

ठाण्याच्या खाडीला ओहोटी लागली म्हणजे काठच्या काळ्या चिखलात दोन वनस्पती शेजारी शेजारी उभ्या दिसतात: एक मारांडीचे झुडूप, दुसरा तिवराचा वृक्ष. मारांडी फार तर पुरुषभर उंचीची. पान काटेरी, फूल निळसर जांभळे. तिवराचे पान गुळगुळीत, खालून पांढुरके. फुले बारीक व पिवळसर. युरोपात हॉली नावाचे काटेरी पानांचे झाड आहे. त्यावरूनच लिनीयस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली मारांडीला ‘हॉलीच्या पानाची’ या अर्थाचे लॅटिन नाव दिले. तिवराच्या जातकुळीला मात्र त्याने इब्न सीना या थोर वैद्याचे नाव दिले.

खारे पाणी दोघांनाही सोसावे लागते, आणि नको असलेले मीठ दोघेही पानांवाटे बाहेर टाकतात. भेद आहे तो मुळांत. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येऊन श्वास घेतात व भरतीबरोबर आलेला गाळ अडवितात. मारांडीला अशी मुळे नाहीत.

या खाड्यांच्या आधारानेच प्राचीन काळी कल्याणचे बंदर भरभराटीस आले. कान्हेरीच्या शिलालेखांत तेथील व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी ठाण्यास आली व १८५४ साली खाडी ओलांडून कल्याणास पोहोचली. पुढे वस्ती वाढली, भराव पडले. तिवर सरपणासाठी तुटला. मारांडीला लाकूडच नाही, म्हणून तिच्यावर कुऱ्हाड पडली नाही. तिवर गेला की उघड्या जागेवर मारांडी पसरते. यात तिचा दोष नाही. ती उघडी माती झाकते एवढेच. परंतु काठ हिरवाच दिसत असल्याने दुरून पाहणारास काही हरपले असे वाटतच नाही.

६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटीची तोड थांबविण्याचा आदेश दिला, व १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ते संरक्षण कायम केले. २०२२ साली ठाणे खाडीस रामसर स्थळाचा मानही मिळाला.

कायद्याने कुऱ्हाड अडते; ओळख मात्र ज्याची त्यानेच करून घ्यावी लागते. कल्याण-डोंबिवलीचे सहस्रावधी चाकरमानी कळव्याजवळ रोज खाडी ओलांडतात. काठ हिरवा आहे एवढ्यावर त्यांनी समाधान मानू नये. त्या हिरवाईत तिवर किती उरला, हे पाहावे.