मुखवटा बदलला, टोंटो नाही

एखाद्या नटावर संशोधन करायचं ठरलं की पहिला मोह असतो त्याच्या कामांची यादी करण्याचा. सिनेमा, साल, भूमिका. यादी हवीच, पण तिलाच चरित्र समजलात तर फसाल. उदाहरण म्हणून जे सिल्व्हरहील्स घ्या.

१९१२ साली कॅनडातल्या ऑन्टॅरिओत, सिक्स नेशन्स या राखीव प्रदेशात त्याचा जन्म झाला. तो मोहॉक समाजातला, मूळ नाव हॅरॉल्ड स्मिथ. आधी तो नावाजलेला लॅक्रॉस खेळाडू होता (जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा हा खेळ मुळात तिथल्या आदिवासींचाच). खेळाच्या निमित्ताने लॉस एंजलिसला पोचला आणि सिनेमात गर्दीतली कामं, स्टंट करू लागला. अनेक श्रेयनामावल्यांत त्याच्या पात्राला नावसुद्धा नाही, नुसतं 'इंडियन'!

मग आली 'द लोन रेंजर'. १९४९ ते १९५७, एबीसी वाहिनी, २२१ भाग. मुखवटा घातलेला गोरा नायक आणि त्याचा साथीदार टोंटो, म्हणजे आपला सिल्व्हरहील्स. आता इथे जरा थांबा. १९५२ मध्ये नायक क्लेटन मूर मालिकेतून बाहेर पडला, जॉन हार्टने ५२ भाग केले, मग मूर परत आला. चेहरा झाकलेलाच होता, तेव्हा माणूस बदलून चाललं. टोंटो मात्र तोच राहिला. मालिकेची ओळख नक्की कुणाच्या चेहऱ्यावर टिकून होती, हा प्रश्न कामांच्या यादीतून सुचत नाही. दोन नटांच्या तारखा शेजारी-शेजारी मांडल्या की सुचतो.

दुसरा सापळा भाषेचा. टोंटो तोडकंमोडकं इंग्रजी बोलतो आणि बरेच जण ते सिल्व्हरहील्सच्या खाती टाकून मोकळे होतात. पण ही बोली त्याच्या आधीची आहे. १९३३ साली डेट्रॉइटच्या रेडिओवर 'लोन रेंजर' सुरू झाला. रेडिओवर नायक एकटा किती बोलणार? ऐकायला कुणीतरी हवं, म्हणून टोंटो आला. तिथे त्याला आवाज दिला जॉन टॉड या गोऱ्या नटाने. म्हणजे एका गोऱ्या नटाच्या तोंडी घडलेला 'इंडियन' पुढे एका खऱ्या मोहॉक माणसाला वठवावा लागला. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात बोचरी गोष्ट हीच.

'ब्रोकन ॲरो' (१९५०) बघा. त्यात तो जेरोनिमो आहे, पण कोचीझ या प्रमुखाची मोठी भूमिका गेली जेफ चँडलर या गोऱ्या नटाकडे.

मालिका संपल्यावर कामं आटली, जोडीला सेल्समनची नोकरीही करावी लागली. तरी १९६० च्या दशकात त्याने लॉस एंजलिसमध्ये आदिवासी नटांसाठी अभिनयाची कार्यशाळा उभी केली. त्याच्या भूमिकांच्या यादीत ती सापडणार नाही. तिचा माग काढायचा तर तिथे शिकलेल्यांच्या कारकिर्दी तपासाव्या लागतील.

१९७९ मध्ये हॉलिवूडच्या पदपथावर त्याच्या नावाचा तारा बसला, १९८० मध्ये तो गेला. आणि हो, 'सिल्व्हरहील्स' हे नाव त्याने कायद्याने घेतलं ते १९७१ मध्ये. जुनी सरकारी कागदपत्रं चाळणार असाल तर 'हॅरॉल्ड स्मिथ' नावानेही शोधा.