चूक कोणाची आणि हानी कोणाची? अपघाताच्या भरपाईचा इतिहास



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस आज ट्रकच्या अपघातावर का बोलतो आहे, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. मी वकील नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण आपला वर्धा जिल्हा बघा. एका बाजूला जाम, हिंगणघाटवरून हैदराबादकडे जाणारा महामार्ग. दुसऱ्या बाजूला कारंजा, तळेगाववरून अमरावतीकडे जाणारा. मधून आता समृद्धी गेला. रात्रंदिवस ट्रक धावतात. त्यात कधी आपल्या गावातलं कोणी जातं, आणि मग दहाव्या-तेराव्याला लोक विचारतात, ‘काही मिळते का हो?’

हा प्रश्न विचारताना माणसं आवाज खाली करतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. जणू मेलेल्या माणसाचे पैसे मागणं हे काही लाजेचं काम आहे. आजचं व्याख्यान त्या खालच्या आवाजाबद्दल आहे. ‘मिळते का?’ पासून ‘माझा हक्क आहे’ इथपर्यंत कायदा कसा आला, किती वर्षांत आला, आणि आता पुन्हा कुठे मागे सरकतो आहे, एवढंच मला सांगायचं आहे.

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते, कारण आपला कायदा तिथूनच आला. 1808 साली तिथे एक खटला झाला. घोडागाडी उलटली, तिच्यावर बसलेल्या एका माणसाची बायको जखमी झाली आणि महिन्याभरानं वारली. नवऱ्यानं दावा लावला. न्यायाधीशांनी काय म्हटलं? बायको जिवंत असेपर्यंतची हानी मिळेल, तिच्या मृत्यूनंतरची नाही. माणसाचं मरण ही दिवाणी न्यायालयात तक्रार करण्याजोगी हानीच नव्हे! म्हणजे पाय मोडला तर भरपाई, जीव गेला तर काही नाही. गाडीवाल्याच्या दृष्टीनं माणूस जखमी होण्यापेक्षा मेलेला स्वस्त.

हे बदललं ते आगगाडी आल्यावर. रेल्वेच्या अपघातांत माणसं मरायला लागली, तेव्हा 1846 साली इंग्लंडमध्ये मृताच्या कुटुंबाला दावा लावता येईल असा कायदा झाला. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी 1853 मध्ये धावली आणि 1855 मध्ये प्राणघातक अपघातांचा कायदा आला. पण त्यात दोन अटी होत्या. एक, दुसऱ्याची चूक तुम्ही सिद्ध करायची. दोन, भरपाई कोणाला, तर नवरा, बायको, आईबाप आणि मुलं यांनाच. भाऊ नाही, बहीण नाही. आपल्या एकत्र कुटुंबात थोरला भाऊ गेला की धाकट्याचं शिक्षण थांबतं, हे लंडनमध्ये कायदा लिहिणाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

ही दुसरी अट मोडायला किती वर्षं लागली? 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या एका प्रकरणात सांगितलं, की मोटार अपघातात मृताचे भाऊसुद्धा दावा करू शकतात, कारण भारतीय कुटुंब तसंच चालतं. 1855 ते 1987. एकशे बत्तीस वर्षं.

आता मोटारीकडे येऊ. 1939 चा मोटार वाहन कायदा झाला. त्यातली सक्तीच्या विम्याची तरतूद 1 जुलै 1946 पासून लागू झाली. ही फार मोठी गोष्ट होती. पूर्वी दावा जिंकूनही हाती काही यायचं नाही, कारण एक ट्रक, तोही कर्जाचा, असा मालक देणार कुठून? विम्यामुळे पैसे देणारा कोणीतरी उभा राहिला. पुढे 1956 च्या दुरुस्तीनं मोटार अपघात दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं आणली. आपण ज्याला ‘क्लेम’ लावणं म्हणतो, ते हेच. दिवाणी दाव्याची भारी कोर्ट फी नको, लांबलचक पद्धत नको, हा हेतू.

पण पहिली अट तशीच होती: चूक सिद्ध करा. रात्री दोन वाजता डांबरी रस्त्यावर काय झालं, हे मेलेला सांगू शकत नाही, आणि ड्रायव्हर सांगणार नाही. मग बाईनं साक्षीदार आणायचा कुठून?

इथे आपल्याच भागातलं एक प्रकरण आठवतं. 1960 च्या डिसेंबरात नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली एक मोटार सौंसरजवळ रस्ता सोडून झाडावर आदळली. गाडी कापसाच्या जिनिंगचा मॅनेजर चालवत होता. आतला प्रवासी गेला. चूक कोणाची, याला पुरावा काय? सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्ये म्हटलं, की इथे घटनाच बोलते. नीट चालवलेली गाडी आपण होऊन रस्ता सोडून झाडावर जात नाही. तसं का झालं, हे आता चालवणाऱ्याच्या बाजूनं सांगावं. तर्कशास्त्र शिकवताना मी हे उदाहरण मुलांना देत असे. पुराव्याचा भार कोणावर टाकायचा, हा नुसता तर्काचा प्रश्न नाही, न्यायाचाही आहे. पण सतरा वर्षं गेली, हेही विसरू नका.

त्याच 1977 साली दुसरा निकाल उलट दिशेनं आला. प्रकरण मुंबईचं, ट्रकच्या धडकेचं. मुंबई उच्च न्यायालयाचं म्हणणं असं, की ट्रक रस्त्यावर आणला आणि त्यानं इजा झाली, एवढं पुरे. चूक दाखवायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयानं जखमीची भरपाई कायम ठेवली, पण हे तत्त्व मान्य केलं नाही. चूक दाखवावीच लागेल, कायदा तसा आहे, असं म्हटलं. मग कायदाच बदलावा लागला. 1982 च्या दुरुस्तीनं पहिल्यांदा ‘चूक कोणाचीही असो’ अशी भरपाई आली. मृत्यूला 15,000 रुपये, कायमच्या अपंगत्वाला 7,500. रक्कम लहान होती, विचार मोठा होता. प्रश्न ‘चूक कोणाची?’ वरून ‘हानी कोणाची?’ वर आला. आणि ही रक्कम म्हणजे उचल होती. ती घ्या, घर चालवा, पूर्ण दावा पुढे चालू ठेवा.

ती उचल तरी हातात कशी पडली, त्याची गोष्ट सांगतो. 29 ऑक्टोबर 1987. पुणे–बंगलोर महामार्गावर, सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ पहाटे तीनच्या सुमारास पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची धडक झाली. टँकर रस्त्याच्या खाली जाऊन कलंडला आणि पेट्रोल गळत राहिलं. सकाळ झाली, लोक जमले. सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला. जमलेल्यांपैकी काहीजण भाजून मेले. त्यातल्या एकाच्या आईनं 15,000 रुपयांचा अर्ज केला. न्यायाधिकरणानं तो फेटाळला. धडक तीनला, स्फोट सातला. मग हा ‘वाहनाच्या वापरातून’ झालेला अपघात कसा? टँकर तर आडवा पडला होता. लोक पेट्रोल न्यायला आले होते, असंही बोललं गेलं.

ती बाई उच्च न्यायालयात गेली, जिंकली. समोरच्यांनी अपील केलं, तिथेही ती जिंकली. मग ते सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै 1991 मध्ये शेवटचा निकाल लागला: वाहन बंद पडलं, उलटलं, तरी ते वापरातच असतं; धडक आणि स्फोट एकाच साखळीतले आहेत. आजही देशभर हा निकाल आधाराला घेतात. पण मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो. चूक विचारायची नाही, ताबडतोब द्यायची, अशी रक्कम. तिच्यासाठी जवळपास चार वर्षं आणि चार पायऱ्या. कायद्यात हक्क लिहिणं ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी त्या दारापर्यंत पोचण्याची.

1988 चा नवा कायदा, 1994 ची दुरुस्ती, या काळात दार बरंच उघडलं. दावा लावायची मुदतच काढून टाकली. दावा कुठे लावायचा? पूर्वी जिथे अपघात झाला तिथेच. आता तुम्ही राहता तिथेही. म्हणजे सेलूचा पोरगा ओडिशात ट्रकखाली गेला, तरी घरच्यांनी वर्ध्याला दावा लावावा. ट्रकमध्ये मालासोबत बसलेल्या मालाच्या मालकालाही विम्याचं संरक्षण मिळालं. आपला कापूस घेऊन बाजार समितीत निघालेला शेतकरी त्यात बसतो. त्याच ट्रकमध्ये लग्नाचं वऱ्हाड बसवलं, तर ते बसत नाही. हे लक्षात ठेवा, आपल्याकडे अजून ट्रकमधून वऱ्हाड जातं.

रक्कम कशी काढतात, हेही लोकांना माहीत नसतं, म्हणून कोणीही काहीही सांगतं. सर्वोच्च न्यायालयानं 2009 आणि 2017 मध्ये ते बरंच पक्कं केलं. समजा अडतीस वर्षांचा मजूर, महिन्याला 10,000 रुपये. पुढे कमाई वाढली असती, म्हणून 40 टक्के मिळवा: 14,000. घरात अवलंबून चौघं, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च पाव हिस्सा वजा: 10,500. वर्षाचे 1,26,000. त्या वयाचा गुणक 15. झाले 18,90,000. शिवाय अंत्यविधी वगैरेची ठरलेली रक्कम वेगळी. ही आयुष्याची किंमत नव्हे. आयुष्याला किंमत नसते, त्याला मोल असतं. हा फक्त घरात येणं थांबलेल्या पैशाचा हिशेब आहे. आणि हिशेब मागण्यात लाज कसली?

आता मागे सरकण्याबद्दल. 2019 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2022 पासून या भागात लागू झाली. काही गोष्टी चांगल्या झाल्या. पोलिसांनी अठ्ठेचाळीस तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यायचा. ट्रक पळून गेला, सापडलाच नाही, तर मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50,000. त्याचा अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार पातळीवर होतो.

पण दोन दारं अरुंद झाली. एक, सहा महिन्यांची मुदत परत आली, आणि उशीर माफ करण्याची सोय त्यात ठेवली नाही. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कोणी बसू नये. दोन, ‘चूक कोणाचीही असो’ ही रक्कम मृत्यूला 5 लाख झाली, गंभीर दुखापतीला अडीच लाख. ऐकायला छान. मात्र ती आता उचल राहिली नाही. ते 5 लाख स्वीकारले की पूर्ण दावा संपतो. आत्ताच आपण 18,90,000 चा हिशेब केला. घरात चूल पेटत नसताना 5 लाख पुढे ठेवले, तर नाही म्हणणार कोण? 1982 मध्ये जी मदतीची पायरी होती, ती आता अडचणीतल्या माणसापुढे टाकलेली निवड झाली.

आमच्या ओळखीतल्या एका घरात असंच झालं. तरुण मुलगा गेला. दवाखान्यातच एक गृहस्थ भेटले, गोड बोलले, कागदांवर अंगठे घेतले. भरपाई आली तेव्हा तिचा मोठा हिस्सा त्यांच्याकडे गेला. त्या मुलाची आई मला म्हणाली, ‘सर, आम्हाले कोणी सांगतलंच नाही.’ मी चाळीस वर्षं न्याय म्हणजे काय, हे शिकवत होतो, आणि माझ्या ओळखीच्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कुठे बसतं, हे मी सांगितलेलं नव्हतं. आज इथे उभा राहायचं खरं कारण हे आहे.

राज्यघटनेत 1976 मध्ये मोफत कायदेशीर मदतीचं कलम आलं. 1987 चा विधी सेवा कायदा 1995 च्या नोव्हेंबरात लागू झाला. त्यात स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. म्हणजे विधवेला तो मिळायलाच हवा. जिल्हा न्यायालयात जा आणि अर्ज करा. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, गाडीचा नंबर, विम्याची प्रत, मृताच्या वयाचा आणि कमाईचा काही पुरावा, एवढं जमवा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.

सेवाग्राम इथून जवळ आहे, म्हणून कोणी विचारेल, गांधीजी तर वकिलांवर टीका करत, तडजोड करा म्हणत. बरोबर आहे. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दोन व्यापाऱ्यांचा खटला लवादानं मिटवला आणि त्याचा त्यांना आनंद झाला. लोकअदालत त्याच वाटेवरची आहे आणि चांगली आहे. पण ते दोघे व्यापारी बरोबरीचे होते. विधवा आणि विमा कंपनी बरोबरीच्या नसतात. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून तिथे बसण्याआधी आपला आकडा किती होतो, हे तिला माहीत हवं. माहिती नसलेल्या माणसाची तडजोड ही तडजोड नसते, ती शरणागती असते.

थांबतो. 1808 मध्ये मरण ही हानीच नव्हती. आज ती आहे, हे कोणाच्या कृपेनं झालेलं नाही. कोणीतरी बाई, कोणीतरी भाऊ कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले, म्हणून झालं. यापुढे कोणाच्या तेरवीला गेलात आणि कोणी खालच्या आवाजात विचारलं, ‘काही मिळते का?’, तर मोठ्यानं सांगा: हक्क आहे, आणि सहा महिन्यांच्या आत जा.

आता प्रश्न असतील तर विचारा.