दहा आकड्यांची पाटी

बालाघाटच्या किराणा दुकानात गल्ल्याशेजारी आकड्यांच्या दोन पाट्या सहज नजरेस पडतात. दुकानदाराच्या कॅल्क्युलेटरवर ७-८-९ सर्वांत वर असतात, तर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर यूपीआयचा पिन मागणारी चौकट उघडते तिथे १-२-३ वर. मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी यांपैकी काहीही बोलणारी बोटे दोन्हीकडे सारख्याच सवयीने चालतात. हा उलटसुलटपणा समजून घ्यायला आपल्याला बरेच मागे जावे लागते.

बालाघाट जिल्हा १८६७ साली मध्य प्रांतात आकाराला आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मिलवॉकीचा ख्रिस्तोफर शोल्स आणि त्याचे साथीदार यांना टाइपरायटरचे पेटंट मिळाले. त्या यंत्राच्या कळा चक्क पियानोसारख्या होत्या. ही झाली अक्षरांची गोष्ट; आकड्यांच्या कळांची वाट निराळी. बहुतेक बेरीजयंत्रांत एकं, दहं, शतं यांना कळांचे वेगवेगळे खांब असत. १९१४ मध्ये डेव्हिड सुंडस्ट्रँडने दहाच कळांत काम भागवले आणि ७-८-९ वर ठेवले. कॅल्क्युलेटरने तोच वारसा चालवला. टेलिफोनवर संशोधन करणाऱ्या बेल प्रयोगशाळेत मात्र संशोधक डाइनिंजर यांनी लोकांकडून नाना मांडण्या दाबून घेतल्या, १९६० मध्ये निष्कर्ष छापले, आणि १८ नोव्हेंबर १९६३ रोजी बटणांचा फोन १-२-३ वर घेऊन ग्राहकांकडे आला. हिशेबनिसांची सवय मोडली खरी, पण फोन करणाऱ्या बहुतेकांचा बेरीजयंत्राशी संबंधच नव्हता. निर्णय योग्यच म्हणायचा.

पिन आला तो बँकेकडून. २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एनफील्डमध्ये बार्कलेज बँकेचे पैसे देणारे यंत्र सुरू झाले. ते घडवणारा जॉन शेफर्ड-बॅरन जन्माने शिलाँगचा. त्याच्या मनात सहा आकडे होते, पण पत्नी कॅरोलाइनला चारच लक्षात राहत, म्हणून पिन चार आकडी झाला, असे तो सांगत असे. भारतात एटीएम आले १९८७ मध्ये, मुंबईत, एचएसबीसी बँकेचे. तिथवर कळा बँकेच्या, धातूच्या, भिंतीत बसवलेल्या होत्या.

मोबाइलच्या काचेवर कळांची मालकी बदलली. एप्रिल २००९ मध्ये अँड्रॉइड १.५ ने पडद्यावरचा कीबोर्ड आणला आणि तो कोणालाही बनवू दिला. मराठी लिहिणाऱ्यांची त्यात मोठीच सोय झाली. पण परका कीबोर्ड म्हणजे प्रत्येक दाबलेली कळ पाहू शकणारा तिसरा माणूस. पैशांच्या कामात तो नको. म्हणून ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआय आले तेव्हा राष्ट्रीय भुगतान निगमने पिनचे पान स्वतःच्या हाती ठेवले: ॲप कोणतेही असो, ते पान आणि त्यातली दहा बटणे निगमच्या कॉमन लायब्ररीची.

अशी स्वतःची पाटी एखाद्या ॲपमध्ये बसवणे दिसते तितके सोपे नाही. अँड्रॉइडमध्ये डायलॉग, म्हणजे पडद्यावर उघडणारी चौकट, ही स्वतंत्र खिडकी असते. मागच्या पडद्यावर मांडलेली बटणे तिच्याआड राहतात. ती डायलॉगच्या आतच मांडावी लागतात, शिवाय आकडे भरायच्या रकान्याला स्पर्श होताच फोनचा नेहमीचा कीबोर्ड उसळतो, त्यालाही थोपवावे लागते. त्यासाठीची सरळ सोय २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये मिळाली. गंमत अशी की, कळा मांडायला २००९ पासून दिलेला तयार साचा गूगलने २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये कालबाह्य ठरवला. तेव्हापासून ज्याने त्याने आपली पाटी आपणच घडवावी, असा प्रघात आहे. आणि आता पाटीशिवायही भागू शकते: ऑक्टोबर २०२५ मध्ये निगमने यूपीआयच्या पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहरा वापरण्याची मुभा जाहीर केली.