वॅटचे यंत्र आणि वॅटचे कुंपण

किटलीचे झाकण उडताना पाहून जेम्स वॅटला वाफेच्या यंत्राची कल्पना सुचली, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी वाचली आहे. गोष्ट गोड खरी, पण इतिहासाला तिचा उपयोग थोडा. वॅटचा जन्म १७३६ चा. आणि न्यूकोमेनने इंग्लंडात डडलीनजीक खाणीतले पाणी उपसण्यासाठी वाफेचे यंत्र बसविले ते १७१२ मध्ये. मग वॅटने केले काय?

ग्लासगो विद्यापीठात तो उपकरणे दुरुस्त करीत असे. १७६३-६४ च्या हिवाळ्यात न्यूकोमेनच्या यंत्राची एक छोटी प्रतिकृती त्याच्याकडे दुरुस्तीला आली. ती दुरुस्त झाली, तरी चार झटके देऊन थांबे. दुसरा एखादा कारागीर बिल लावून मोकळा झाला असता. वॅट मोजमापाला बसला. पाण्याची वाफ किती पट फुगते, एका झटक्याला किती वाफ खर्ची पडते, ती निववायला किती थंड पाणी लागते, हे सारे त्याने प्रयोगाने ठरविले. तेव्हा घोटाळा उघड झाला. दर झटक्याला सिलिंडर वाफेने तापवायचा आणि लगेच पाणी मारून थंड करायचा. सुमारे तीन चतुर्थांश वाफ तो पुन्हा तापविण्यातच फुकट जाई. बरे, थंड करू नये तर पोकळी निर्माण होत नाही आणि दट्ट्या खाली येत नाही! १७६५ मध्ये एका रविवारी मैदानावर फिरताना वॅटला तोड सुचली. सिलिंडर गरमच राहू द्यावा. वाफ शेजारच्या निराळ्या पात्रात ओढून घ्यावी आणि तेथे थंड करावी. एक मोठी पितळी पिचकारी सिलिंडर म्हणून घेऊन त्याने नमुना उभा केला.

कल्पना फिरता फिरता सुचली, पण खाणीवर यंत्र चालू व्हायला १७७६ उजाडले. दट्ट्याच्या कडेने वाफ निसटे. बूच, तेलकट चिंध्या, जुन्या टोप्या, काय वाटेल ते भरून पाहिले. पोटासाठी वॅट कालव्यांची मोजणी करीत हिंडत होता. भांडवल पुरविणाऱ्या रोबकचे १७७३ मध्ये दिवाळे निघाले आणि त्याचा हिस्सा बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनकडे आला. सिलिंडर नेमका गोल कोरण्याची युक्ती विल्किन्सनच्या तोफा कोरण्याच्या यंत्रातून मिळाली.

आता कुंपणाची गोष्ट. १७६९ मध्ये वॅटने एकस्व, म्हणजे आपण ज्याला पेटंट म्हणतो ते, मिळविले. त्याची मुदत चौदा वर्षांची. त्यांतली सहा वर्षे एकही यंत्र न विकता सरली. म्हणून १७७५ मध्ये पार्लमेंटकडून खास कायदा करवून ती १८०० पर्यंत वाढवून घेतली. आमच्या मते या मागणीत गैर काही नव्हते. एवढी हमी नसती तर बोल्टनसारखा व्यवहारी माणूस या कामात पैसा ओततो कशाला? शिवाय त्यांची अटही चोख होती: जुन्या यंत्राच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा आम्हाला द्या.

पण कुंपण एकदा घातले की त्याच्या पलीकडचीही जमीन आपली वाटू लागते. वॅटच्या अर्जात यंत्राचा नकाशा नव्हता, केवळ तत्त्वे सांगितली होती. तीही एका मित्राच्या सल्ल्यावरून, जाणूनबुजून. कॉर्नवॉलच्या हॉर्नब्लोअरने दोन सिलिंडरांचे यंत्र काढले, तर तेही वॅटच्या एकस्वाच्या कक्षेत ओढले गेले. तत्त्वावर मालकी सांगता येते काय, यावर वर्षानुवर्षे खटले चालले. १७९५ मध्ये न्यायाधीशांतच समसमान फूट पडली आणि १७९९ मध्ये अखेर वॅटच्या बाजूने निकाल लागला. वॅटचाच कुशल माणूस मर्डॉक याने १७८४ च्या सुमारास वाफेवर चालणाऱ्या गाडीचा नमुना केला होता. तो एकस्व घेण्यासाठी लंडनला निघाला असता बोल्टनने त्याला वाटेत गाठून परत फिरविले. जास्त दाबाची वाफ वॅटला धोक्याची वाटे. ती भीती अगदीच निराधार होती असेही नाही. गंमत अशी की दुसऱ्याचे कुंपण वॅटलाही आडवे आले. भुजेने चाक फिरविण्याच्या साध्या युक्तीवर पिकार्डने १७८० मध्ये एकस्व घेतले, तेव्हा वॅटला दात्यांच्या चाकांची निराळी जोडणी काढावी लागली!

१८०० मध्ये मुदत संपली. १८०१ मध्ये ट्रेव्हिथिकची वाफेची गाडी कॉर्नवॉलमध्ये रस्त्यावर धावली आणि १८०४ मध्ये वेल्समध्ये रुळांवर. कॉर्नवॉलच्या खाणवाल्यांनी तर १८११ पासून कोणते यंत्र किती कोळशात किती पाणी उपसते याचे आकडे दरमहा छापण्याची चाल पाडली. कोणाची सुधारणा कोठे सफल झाली हे सर्वांना दिसू लागले आणि पुढील तीस-पस्तीस वर्षांत त्या यंत्रांचे काम कोळशाच्या मानाने सरासरी तिपटीहून अधिक वाढले. येथे कुंपण नव्हते, पण हिशेब मात्र पक्का होता.

वॅट १८०० मध्येच धंद्यातून निवृत्त झाला. घराच्या माळ्यावरच्या कारखान्यात तो मूर्तीची हुबेहूब नक्कल कोरणारी यंत्रे तयार करीत बसे. १८१९ मध्ये तो वारला तोवर ती पुरती सिद्ध झाली नव्हती; आणि त्यांचे एकस्व त्याने कधी घेतलेच नाही.