खुराकाची पेठ : कोल्हापूरच्या तालमी, दूधकट्टे आणि पावडरीचे डबे

मल्लविद्येवर लिहिणाऱ्यांनी पैलवान काय खातो याची वर्णने भरभरून केली आहेत. तो ते कोठून आणतो, कोणाच्या भरवशावर आणतो आणि त्याचे पैसे कोण भरतो, याकडे मात्र फारसे कोणी वळलेले दिसत नाही. वास्तविक खुराक, म्हणजे रोजच्या जेवणाखेरीज व्यायामाची झीज भरून काढण्यासाठी घ्यायचा पौष्टिक आहार, हा नेहमीच्या शिध्याहून कितीतरी महाग असतो, आणि जी वस्तू महाग तिच्यात भेसळ ठरलेली, हे व्यापाराचे जुने सूत्र आहे. त्यामुळे खुराकाचे दुकान कसे निवडावे हा प्रश्न जिममध्ये जाणाऱ्या आजच्या तरुणाला पडलेला नवा प्रश्न नाही. कोल्हापूरसारख्या कुस्तीच्या पेठेत तो निदान शंभर वर्षे वेगवेगळ्या रूपांत विचारला गेला आहे.

त्याआधी तो विचारण्याचे कारण नव्हते, कारण खुराक राजाच्या मुदपाकखान्यातून येत असे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात मल्लांच्या प्रती, त्यांचे व्यायामप्रकार आणि त्यांना द्यावयाचा आहार यांचा विचार आला आहे. डाळी, मांस, दूध आणि गोडधोड पदार्थ मल्लांना पुरवावेत असे तो ग्रंथ सांगतो. कोल्हापूरचे शिलाहार राजे हे याच चालुक्यांचे मांडलिक होते, तेव्हा या व्यवस्थेचा आणि करवीर प्रांताचा संबंध अगदीच दूरचा नाही. गुजरातेतील ज्येष्ठीमल्ल, म्हणजे पिढीजात कुस्ती करणारे जेठी, यांच्या परंपरेतील ‘मल्लपुराण’ ऋतुमानाप्रमाणे आहार बदलण्याची सूचना करते. या ग्रंथांत बाजाराचा विषय निघत नाही, कारण मल्ल हा ग्राहक नसून आश्रित होता आणि खुराकाच्या शुद्धतेची काळजी वाहणे हे पोशिंद्याचे काम होते.

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४ ते १९२२) ही आश्रयाची पद्धत कोल्हापुरात कळसाला पोहोचली. महाराज स्वतः कसलेले मल्ल होते. १९०२ च्या युरोप प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आल्यानंतर त्यांनी खासबाग मैदानाची उभारणी हाती घेतली आणि १९१२ मध्ये ते कुस्त्यांसाठी खुले झाले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी, मठ अशा तालमींना त्यांनी बळ दिले आणि पंजाबातून नामांकित मल्लांना बोलावून त्यांच्या निवासाची व खुराकाची सोय संस्थानच्या खर्चाने केली. मात्र दरबाराची नेमणूक मोजक्या मल्लांच्याच वाट्याला येई. पेठेपेठेतल्या तालमीत पहाटे जोर-बैठका मारणाऱ्या शेकडो पोरांना, कारागिरांच्या आणि शेतकऱ्यांच्या मुलांना, आपला खुराक विकतच घ्यावा लागे, आणि खरा बाजार उभा राहिला तो या पोरांमुळे.

या बाजाराचा सर्वांत अस्सल नमुना म्हणजे कोल्हापूरचा दूधकट्टा. कट्टा म्हणजे शहरातली अशी ठरलेली जागा, जिथे गवळी आपल्या म्हशी सांजसकाळ आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळलेले निरसे, म्हणजे न तापवलेले, दूध तिथल्या तिथे पेल्यात ओतून देतात. गंगावेशीचा कट्टा यांत विशेष नावाजलेला आहे. शाहू महाराजांनीच गवळ्यांना म्हशी तालमींजवळ आणून मल्लांना धारोष्ण दूध देण्यास सांगितले, अशी आठवण कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिला कागदोपत्री आधार असो वा नसो, कट्टा आणि तालीम ज्या प्रकारे एकमेकांच्या शेजाराने वाढले ते पाहता ती सहज पटण्याजोगी आहे.

कट्ट्याची ही रीत एका विशिष्ट जनावरावर अवलंबून होती, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. पंढरपुरी म्हैस ही सोलापूर, सांगली, सातारा आणि कोल्हापूर या पट्ट्यातली जात तिच्या खांद्यापलीकडे जाणाऱ्या, तलवारीच्या पात्यासारख्या लांब शिंगांवरून ओळखू येते. परंतु गवळ्याच्या लेखी तिचा मोठा गुण शिंगांत नसून पान्ह्यात आहे. पान्हा सोडणे म्हणजे कासेत साठलेले दूध सडांत उतरू देणे. बहुतेक म्हशी आपले गोठ्यातले ठाणे, नेहमीचा माणूस किंवा रेडकू जवळ नसेल तर पान्हा चोरतात, म्हणजे दूध वर ओढून धरतात. पंढरपुरी म्हैस मात्र भर रस्त्यात, गर्दीच्या गलक्यात, रेडकू न लावताही पान्हवते आणि दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे दूध देते. दारोदार म्हैस नेऊन गिऱ्हाईक मागेल तेवढीच धार काढण्याचा गवळ्यांचा रिवाज याच गुणावर उभा राहिला. दिवाळीत याच म्हशींची शिंगे रंगवून, गळ्यात माळा घालून त्यांना रस्त्यावरून पळवण्याची कोल्हापुरातली हौस ही गवळी समाजाच्या अभिमानाची गोष्ट आहेच, शिवाय ती गवळ्याची आपल्या मालाची उघड जाहिरातही म्हणता येईल.

व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर कट्टा ही भेसळीवरची तोड होती. घरी रतीब घालणाऱ्याच्या चरवीत किती पाणी आहे हे ओळखायला दुधाची घनता मोजणारी काचेची नळी, म्हणजे लॅक्टोमीटर, पुढे आली. परंतु साय काढून घेतल्याने दूध जड होते आणि पाणी घातल्याने हलके, त्यामुळे दोन्ही लबाड्या एकदम केल्या तर नळी खुशाल बरोबर आकडा दाखवते. कट्ट्यावर हा प्रश्नच उद्भवत नसे. कास डोळ्यांसमोर, भांडे रिकामे आणि पालथे करून दाखवलेले, फेस बसायच्या आत पेला ओठाला लावलेला. विकणाऱ्याच्या शब्दाची गरज ज्यात सर्वांत कमी पडते असा हा सौदा होता. निरसे दूध आरोग्याला धोक्याचे ठरू शकते, त्यातून जनावराचे आजार माणसाला होऊ शकतात, हे आजचे वैद्यक सांगते आणि ते खरेच आहे. परंतु कट्ट्याचे गिऱ्हाईक रोगजंतूंना भीत नव्हते, ते पाण्याला भीत होते.

दुधाखालोखाल मान थंडाईचा. बदाम, खसखस, मगज म्हणजे सोललेल्या कलिंगड-खरबुजाच्या बिया, बडीशेप, मिरी आणि वेलदोडे रात्री भिजत घालून व्यायामानंतर कुंडीत सोट्याने घोटायचे, फडक्यातून गाळून खडीसाखर व दूध मिसळून प्यायचे, असा तालमीतला परिपाठ असे. घोटण्याचे काम बहुधा धाकट्या पोरांकडे असे आणि तेही अंगमेहनतीचेच मानले जाई. येथे मात्र दूधकट्ट्याचा उघडा व्यवहार संपून बंद पोत्यांचा व्यवहार सुरू होई. बदाम हे या मातीतले पीक नाही. अफगाणिस्तान आणि इराणकडचा हा माल मुंबईच्या व्यापाऱ्यांमार्फत येई, आणि १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत लोहमार्ग आल्यावर अशा दूरच्या मालाची वाट सुकर झाली. मामरा बदाम सुरकुतलेला, तेलकट आणि फार महाग. गुरबंदी बारीक आणि क्वचित कडू निघणारा. अलीकडच्या काळात बाजार व्यापून टाकणारा कॅलिफोर्नियाचा बदाम सपाट, एकसारखा आणि त्यामानाने स्वस्त. जुना खवा, खवट झालेला मगज, बदामात मिसळलेली जर्दाळूची बी यांतून निभावून जायचे तर डोळे आणि जीभ तयार असावी लागे. म्हणून अशी खरेदी नवख्या पोरावर सोपवण्यापेक्षा वस्तादाच्या, म्हणजे तालमीतल्या गुरूच्या, ओळखीच्या दुकानातून करणे शहाणपणाचे ठरे. दुकानदाराने एका पोराला फसवले तर तालमीतली सगळी पोरे तुटण्याची भीती त्याला असे, आणि ही भीती कोणत्याही शिक्क्यापेक्षा जास्त उपयोगी होती.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबारी खुराकाचा आधार संपला. त्याची जागा काही अंशी सहकाराने घेतली. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ पासून महाराष्ट्र केसरी किताबाची स्पर्धा सुरू केली. त्याच सुमारास हिंद केसरी श्रीपती खंचनाळे, गणपत आंदळकर, मारुती माने या मल्लांनी दक्षिण महाराष्ट्रातल्या गावोगाव कुस्तीचे वेड पसरवले, आणि पुढे सहकारी साखर कारखान्यांनी होतकरू मल्लांना मानधन देण्याची प्रथा पाडली. कागलच्या शाहू साखर कारखान्याच्या कुस्ती स्पर्धांमधून निवडले जाणारे मानधनधारक मल्ल हे तिचे ठळक उदाहरण. मानधन रोख असे, म्हणजे राजाश्रयासारखा खुराक ताटात येत नसे; तो कोठून घ्यायचा याचा निर्णय आता मल्लाकडे आला.

याच सहकाराने दुसऱ्या बाजूने दुधाचे गणित पालटले. १९६३ मध्ये ‘गोकुळ’ या नावाने प्रसिद्ध झालेला जिल्हा दूध उत्पादक संघ स्थापन झाला, वारणा खोऱ्यातही दूध संघ उभा राहिला आणि गावोगाव संकलन केंद्रे सुरू झाली. दुधाचा भाव फॅटवर, म्हणजे त्यातल्या स्निग्धांशाच्या प्रमाणावर ठरू लागला. नमुन्यात गंधकाम्ल घालून नळी फिरवून वर आलेला स्निग्धांश मोजण्याची पद्धत गावातल्या अर्ध्या शिकलेल्या माणसालाही कळू लागली. शेतकऱ्याच्या हाती दर दहा दिवसांनी रोख पैसा येऊ लागला, ही फार मोठी गोष्ट झाली. परंतु पूर्वी घरातल्या पैलवान मुलासाठी राखून ठेवलेली म्हैस आता डेअरीसाठी पिळली जाऊ लागली, आणि घरचे दूध पाजण्याला प्रथमच एक किंमत लागली. कुस्तीच्या ओहोटीची कारणे देताना दूरचित्रवाणी, क्रिकेट, शिक्षण यांची नावे घेतली जातात. त्यांत संकलन केंद्राचे नाव घालायला हवे.

खुराकाच्या स्वरूपातला खरा पालट मात्र वजनगटांनी घडवला. मातीवरच्या जंगी कुस्तीत वजनाला बंधन नव्हते, उलट भारी देह हे भांडवल होते. गादीवरच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीत प्रत्येक गटाला वजनाची मर्यादा असते. राजाराम महाविद्यालयात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये मिळवलेले कांस्यपदक ५७ किलो गटातले होते, हे या दृष्टीने बोलके आहे. अशा मल्लाला बळ हवे, पण चरबी नको. म्हशीच्या दुधात प्रथिने सुमारे ४ टक्के आणि स्निग्धांश ७ टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे २५ ग्रॅम प्रथिनांसाठी सहाशे मिलिलिटरहून अधिक दूध प्यावे लागते आणि त्याबरोबर चाळीसेक ग्रॅम चरबी पोटात जाते. बदामाचा हिशेब याहून वाईट, कारण त्याचे निम्मे वजन तेलाचेच असते. पावडरीचा एक चमचा तेवढीच प्रथिने एखाद-दोन ग्रॅम चरबीसह देतो. परंपरेच्या अभिमान्यांनी पावडरीला कितीही नावे ठेवली तरी या हिशेबापुढे त्यांचा युक्तिवाद लंगडा पडतो.

ही पावडर म्हणजे ‘व्हे’, अर्थात चीज करताना दूध फाटून जे पाणी सुटते त्यातली प्रथिने. युरोप-अमेरिकेतल्या चीज कारखान्यांना हे पाणी कोठे टाकावे ही अडचण होती. १९७० च्या दशकापासून सूक्ष्म चाळणीतून ते गाळून प्रथिने वेगळी करण्याचे तंत्र रुळले आणि टाकाऊ पाण्याचा सोन्यासारखा माल झाला. भारतात चीजचा उद्योग लहान असल्यामुळे कच्चा माल पुष्कळसा बाहेरूनच येतो. आपल्याकडे प्रथिनांचे डबे आधी औषधांच्या दुकानात, आजारातून उठलेल्यांसाठी ठेवलेले दिसत. एप्रिल २००१ मध्ये आयातीवरची संख्यात्मक बंधने उठल्यानंतर परदेशी डब्यांची वाट मोकळी झाली आणि पुढे शहराशहरांत केवळ हाच माल विकणारी दुकाने निघाली.

या दुकानात गिऱ्हाइकाला दिसते ते फक्त वेष्टन. अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा ऑगस्ट २०११ पासून अमलात आला, पूरक आहारासाठीचे स्वतंत्र नियम २०१६ मध्ये झाले, आणि चौदा आकडी परवाना क्रमांक, आयात मालावर आयातदाराचे नाव-पत्ता व तुकडी क्रमांक छापणे बंधनकारक झाले. तरीही रिकाम्या डब्यांत हलका माल भरून तो नव्याने विकण्याचा धंदा चालतो; म्हणूनच डबा संपल्यावर तो फोडून टाका असे जाणकार सांगतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-पावडरी तपासल्या असता सुमारे ७० टक्क्यांच्या वेष्टनावरील प्रथिनांची माहिती चुकीची निघाली आणि काहींत बुरशीजन्य विषही आढळले. शिवाय व्यायामशाळेतला प्रशिक्षकच पुष्कळदा डबा सुचवतो आणि त्यावर दलालीही घेतो, त्यामुळे वस्तादाच्या शिफारशीत जे निःस्वार्थ होते ते येथे गृहीत धरता येत नाही.

स्पर्धेत उतरणाऱ्या मल्लाला याहून मोठी जोखीम असते. उत्तेजकविरोधी नियमांनुसार शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले की ते कसे आले याची पहिली जबाबदारी खेळाडूवरच पडते. दुकानदाराने फसवले हा बचाव शिक्षा कमी करण्यास कदाचित उपयोगी पडतो, दोषमुक्तीस सहसा नाही. यामुळे प्रत्येक तुकडीची स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासणी झालेला माल घ्यावा, पक्के बिल मागावे, तुकडी क्रमांक टिपून ठेवावा आणि थोडी पावडर डब्यात शिल्लक राखावी, असा सल्ला मल्लांना दिला जातो. असा तपासलेला माल महाग असतो, आणि मानधनावर दिवस काढणारा कोल्हापूरचा मल्ल अजूनही सकाळी डबा आणि संध्याकाळी कट्टा अशी दोन्हींची सांगड घालताना दिसतो. गंगावेशीत धार काढणाऱ्या गवळ्याकडे बिल मागण्याची वेळ मात्र त्याच्यावर अद्याप आलेली नाही.